सवाई: कुठलं तिकीट, कुठला दिवस आणि गाण्याच्या वाट्याला किती वेळ

पुण्यात दरवर्षी होणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या ‘सवाई’चं, तिकीट काढताना बहुतेक जण आधी कलाकारांची यादी वाचतात. त्याआधी वेळापत्रक वाचावं. गेल्या काही वर्षांत त्याचा साचा ठरून गेला आहे: डिसेंबरातले पाच दिवस, बुधवार ते शुक्रवार दुपारी ३ ते रात्री १०, शनिवारी ४ ते १२, रविवारी दुपारी १२ ते रात्री १०. म्हणजे एकूण ३९ तास. कुठला राग ऐकायला मिळेल, कुठला मिळणारच नाही आणि गायकाला बडा ख्याल (संथ लयीतली मुख्य रचना) मांडायला किती मिनिटं मिळतील, हे कलाकाराच्या नावाआधी या तासांवर ठरतं. सवाईचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहासही बराचसा या तासांचाच आहे.

किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात वारले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीपासून हा उत्सव सुरू झाला. शिष्य भीमसेन जोशी आणि जावई डॉ. नानासाहेब देशपांडे हे त्यामागचे मुख्य लोक आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था. सुरुवात छोटेखानी होती. गुरूंच्या स्मृतीला गाणं वाहायचं, एवढाच हेतू. पुढे रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण आणि मग रमणबाग असा मुक्काम हलत गेला. पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्यांसाठी सवाई म्हणजे रमणबागच. २०१८ मध्ये ६६ वा महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला आणि आता तिथेच स्थिरावला आहे.

हा उत्सव इतका का वाढला, याचं एक कारण मला निर्णायक वाटतं. इथे यजमान स्वतः पहिल्या रांगेतला गवई होता. भीमसेनजी देशभर गात फिरत आणि कुठे कोण चांगलं गातं-वाजवतं ते त्यांना प्रत्यक्ष ऐकून माहीत असे. त्यामुळे किराणा घराण्याच्या गुरूच्या नावाने सुरू झालेला उत्सव किराण्यापुरता राहिला नाही. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनी हक्काने येतच. त्याच मंचावर किशोरी आमोणकर आणि जसराज गायले, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, झाकिर हुसेन यांनी वाजवलं, बिरजू महाराज नाचले. समारोप भीमसेनजींचा असे. प्रकृतीमुळे ते थांबल्यावर ती जागा बरीच वर्षं प्रभा अत्र्यांनी सांभाळली. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि त्याच वर्षीपासून महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. मध्ये करोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं रिकामी गेली. म्हणून २०१९ चा महोत्सव ६७ वा आणि २०२२ चा ६८ वा. २०२४ मध्ये सत्तरावा झाला.

आता त्या तासांकडे. सवाई मुळात रात्रभराचा होता. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. मध्यरात्री दरबारी, मालकंस, उत्तररात्री ललित, उजाडताना भैरव, तोडी असा रागांचा क्रम आपोआप लागे. केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे सगळं कायम केलं. सवाईचा शनिवार बारापर्यंत चालतो, तो या सवलतीमुळे. रात्र गेली तेव्हा आयोजकांनी दिवस वाढवले आणि सत्रं दुपारपासून सुरू केली.

कोलकात्याचं डोव्हर लेन संमेलन सवाईच्याच वयाचं, १९५२ चं. ते आजही जानेवारीत रात्रभर चालतं, कारण ते नजरुल मंचात, बंद सभागृहात होतं आणि हा नियम बंद सभागृहाला लागत नाही. पुण्याला रात्र परत हवी असेल तर सभागृहात जावं लागेल आणि मग पटांगणभर श्रोते मावणार नाहीत. ही निवड आयोजकांनी श्रोत्यांच्या बाजूने केली आहे. ती योग्य आहे, असंच माझं मत आहे. पण तिची किंमत काय, ते स्पष्ट सांगायला हवं.

किंमत अशी. दुपारी ३ ते १० म्हणजे ४२० मिनिटं. पाच कलाकार असतील आणि दोघांमधल्या मंचबदलाला, सत्काराला २० मिनिटं धरली तर ८० मिनिटं तिथेच जातात. उरलेल्या ३४० चे पाच वाटे केले की प्रत्येकी ६८. विलंबित एकतालातला ख्याल नीट फुलवायला ४० ते ४५ मिनिटं लागतात. त्यामागून द्रुत बंदिश, मग एखादं नाट्यपद किंवा अभंग, की वेळ संपली. दुसरा राग घ्यायला जागा उरत नाही. चार कलाकारांच्या दिवशी हाच हिशेब ९० मिनिटांवर जातो आणि गाणं लगेच वेगळं ऐकू येतं: आलापीत, म्हणजे सावकाश स्वरविस्तारात, घाई नसते, गायक खर्जात, खालच्या सुरांत, रेंगाळू शकतो. म्हणून रोजचं तिकीट काढणाऱ्याने नावं मोजावीत. चार नावांचा दिवस पाच मोठ्या नावांच्या दिवसापेक्षा जवळजवळ नेहमीच समाधान देतो.

यात वाद्य जुळवण्याचा वेळ धरलेलाच नाही आणि डिसेंबरात तो हमखास वाढतो. पुण्यात या दिवसांत दुपारी २८-२९ अंश असतात आणि पहाटेपर्यंत पारा ११-१२ वर येतो. संध्याकाळी सहानंतर हवा झपाट्याने गार होते. गारव्याने तानपुऱ्याची धातूची तार आखडते आणि स्वर चढतो. त्याच वेळी हवेतला ओलावा वाढून तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि तबला उतरतो. दोन वाद्यं उलट दिशांना सरकत असतात. पहिल्या रांगांतून हे डोळ्यांनी दिसतं. मागे बसलेला शिष्य आधी खुंटी पिळतो, मग घोडीखालचा मणका केसभर सरकवतो, मग जवारीवरचा (घोडीच्या माथ्यावरचा) दोरा तारेखाली पुढेमागे करून झणकार उघडतो. तोवर तबलजी हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) ठोके देत पुडी वर आणत असतो. राग मालकंस असेल तर पंचमाची तार मध्यमात जाते, मारवा असेल तर निषादात. पुरुष गायकानंतर गायिका असेल तर पट्टी (गाण्याचा मूळ सूर) इतकी बदलते की तानपुऱ्यांची जोडीच दुसरी आणावी लागते. संतूरला शंभराच्या आसपास तारा. त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागणार हे गृहीत धरा. या वेळात टाळ्या वाजवून घाई करणारे श्रोते दरवर्षी भेटतात. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ही पाच मिनिटं वाचवली तर पुढची साठ बेसूर जाऊ शकतात.

तिकिटांचं. सोफा, खुर्ची आणि भारतीय बैठक असे प्रकार आणि बैठक सगळ्यांत स्वस्त. पाचही दिवसांचं सीझन तिकीट मिळतं, रोजचंही मिळतं. ऐकण्यासाठी माझी शिफारस बैठकीची आहे आणि ती फक्त पैशांसाठी नाही. बैठकीत शेजारी दाद देणारा, समेला हात उचलणारा माणूस असतो आणि गाणं कळायला त्याची मदत होते. गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल तर मात्र खुर्चीच घ्या. तास-दीड तासानंतर पायाला मुंग्या आल्या की लक्ष गाण्यावर राहत नाही. बैठकीत बसणाऱ्याने जाड घडीची चादर, छोटी उशी, शाल आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. दुपारी तीनला शाल नकोशी वाटते, आठनंतर ती नसेल तर माणूस उठून जातो.

मंडपाची मांडणी वर्षागणिक थोडी बदलते, पण जागा निवडायचा नियम एकच. मंचाच्या मधोमध जी रेषा निघते तिच्या जवळ बसा, मंडपाच्या पुढच्या निम्म्यात. कडेला बसलात तर एका बाजूचा स्पीकर कानावर आदळतो आणि तानपुरा हरवतो. फार मागे गेलात तर वेगळी अडचण. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३४ मीटरवर तो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा उशिरा पोहोचतो. मागच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडलेला नसेल तर तबल्याचा प्रत्येक बोल दोनदा ऐकू येतो. आलापीत हे जाणवत नाही, द्रुत लयीत रेल्याचा, म्हणजे तबल्याच्या वेगवान बोलांचा, चिखल होतो. एखाद्या दिवशी तसं होत असेल तर दहा-बारा मीटर पुढे सरका, तेवढ्यानेही फरक पडतो. मागे बसून मोठ्या पडद्याकडे बघत ऐकायची सवय मात्र लावून घेऊ नये. पडद्यावरचा हात आणि कानातला बोल जुळत नसले की लय धरता येत नाही.

दिवस कुठला निवडावा? एकच जमणार असेल तर शनिवार. दहा ते बारा या दोन तासांत बागेश्री, मालकंस, दरबारी यांना त्यांची खरी वेळ मिळते आणि जुन्या सवाईचा जो काही अंश उरला आहे तो याच दोन तासांत आहे. गर्दीही याच दिवशी सर्वांत जास्त, तेव्हा चारच्या सत्राला तीनलाच पोहोचा. दोन दिवस जमत असतील तर दुसरा रविवार घ्या. बाराला सुरू होत असल्याने शुद्ध सारंग, गौड सारंग असे दुपारचे राग मंचावर येऊ शकतात. ते एरवी मैफलींत फार कमी ऐकू येतात, कारण दुपारी बाराला मैफल ठेवतो कोण? आठवड्यातल्या दिवसांचीही एक चांगली गोष्ट आहे. तीनचा पहिला कलाकार बहुधा तरुण असतो, मंडप अर्धा रिकामा असतो, आणि भीमपलास, पटदीप, मुलतानी निवांत ऐकायला मिळतात. सवाईत पहिल्यांदा गाणारा माणूस जीव ओतून गातो. नोकरीवरून साडेसहाला येणाऱ्यांचं हे सुख कायमचं हुकतं. सहाच्या सुमारास मारवा, पूरिया, श्री असे संधिप्रकाशाचे राग अपेक्षित असतात, पण नेमक्या त्याच वेळी लोक खाण्याच्या स्टॉलकडे उठतात. तुम्ही पाचलाच खाऊन घ्या, रांगही कमी असते.

तक्रार दोन गोष्टींची. पहिली सत्काराची. वत्सलाबाई जोशी पुरस्कारासारखा प्रसंग महोत्सवाचा भाग आहे, त्याला वेळ द्यायलाच हवा. पण प्रायोजकांचे उल्लेख आणि पुष्पगुच्छ यांत जाणारी मिनिटं रागातून कापली जातात. वर मांडलेल्या हिशेबात दिवसाची वीस मिनिटं जरी वाचली तरी प्रत्येक कलाकाराला चार मिळतात, आणि अंतरा सावकाश भरायला चार मिनिटं पुष्कळ झाली. दुसरी तक्रार आपल्या श्रोत्यांचीच. सवाल-जवाब आणि अतिद्रुत ‘झाला’ (वादनाचा वेगवान शेवट) यांना जितक्या टाळ्या पडतात, तितक्या एखाद्या नेमक्या लागलेल्या गंधाराला पडत नाहीत. कलाकारांना हे समजतं आणि ६८ मिनिटांतला वेगाचा हिस्सा हळूहळू वाढत जातो. ज्यांच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू झाला त्यांचं घराणं संथ आलापीचं आणि स्वराच्या लगावाचं. तेव्हा आलापीला दाद देणं ही इथे येणाऱ्याची जबाबदारीच आहे.

येण्याजाण्याचं आता सोपं झालं आहे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, आणि तिथून मुकुंदनगर रिक्षाने काही मिनिटांवर आहे. गाडी आणायचा मोह टाळावा, आसपासचे रस्ते वस्तीतले आहेत. शनिवारी बाराला सुटल्यावर मेट्रो मिळत नाही, परतीची सोय आधीच ठरवून ठेवा.

आणि सीझन तिकीट काढणाऱ्यांनी सकाळही मोकळी ठेवावी. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरला, राहुल थिएटरच्या मागे सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’मध्ये संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा होतात. आदल्या रात्री ऐकलेल्या गाण्यामागची तालीम तिथे कलाकाराच्या तोंडून समजते. मंचावर ६८ मिनिटांत जे सांगायचं राहून जातं, त्यातलं बरंच तिथे निघतं. सभागृह लहान आहे, अर्धा तास आधी जाऊन बसावं लागतं.