स्कायरिममध्ये मॉड लोड होत नाहीत: व्होर्टेक्स ठेवायचा की मॉड ऑर्गनायझर घ्यायचा?

मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, चाळीस मॉड टाकलेत. सगळे एनेबल आहेत, गेमही चालू होतो, पण आत एकही दिसत नाही." मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, वरून टाकायच्या फाइली. बारावीची परीक्षा संपली आणि सिडकोतल्या त्यांच्या घरी नवा कॉम्प्युटर आला, त्यावर त्याने स्कायरिम स्पेशल एडिशन हा गेम टाकला होता. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन उभं राहिलं की सप्लाय कुठपर्यंत येतोय ते आम्ही टप्प्याटप्प्याने तपासतो, आणि मॉडचा तपासही मी तसाच करतो. व्होर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २ हे मॉड बसवणारे, सांभाळणारे मॅनेजर प्रोग्रॅम. त्यातला कोणता घेऊ, असं कुणी विचारलं तर मी एकच गोष्ट बघतो: मॉड नेमका कुठे अडकला, हे कोणता मॅनेजर आधी दाखवतो.

मॅनेजरशिवाय, हाताने गेमच्या डेटा फोल्डरमध्ये फाइली टाकण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन-तीन मॉडपुरतं चालतं. एका मॉडची फाइल दुसऱ्याच्या फाइलवर चढली की आधीची गेली, आणि महिन्याभराने कुठली फाइल कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. स्टीमकडून फाइली तपासून घेतल्या तर गेमच्या मूळ फाइली दुरुस्त होतात, तुम्ही वरून टाकलेल्या मात्र तिथेच पडून राहतात.

व्होर्टेक्स हा नेक्सस मॉड्स या मॉडच्या वेबसाइटचा स्वतःचा. मॉड तो आपल्या स्टेजिंग फोल्डरमध्ये उघडतो आणि 'डिप्लॉय' दाबल्यावर गेमच्या डेटा फोल्डरमध्ये त्या फाइलींच्या हार्डलिंक बनवतो. म्हणजे डिस्कवर फाइल एकच असते, तिला नावं दोन ठिकाणी असतात, जागाही दुप्पट लागत नाही. पण हार्डलिंकची अट कडक आहे. स्टेजिंग आणि गेम एकाच पार्टिशनवर हवेत, आणि ते पार्टिशन एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटचं, हवं. भाच्याचा बिघाड नेमका इथेच होता. एसएसडीवर जागा वाचवायची म्हणून गेम त्याने बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला होता, आणि टीव्हीला लावता यावी म्हणून ती डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट केलेली. एक्सफॅटवर हार्डलिंक बनतच नाही. व्होर्टेक्सने तशी सूचना दिली होती, ती त्याने न वाचता बंद केली. यादीत चाळीस मॉड 'एनेबल्ड' दिसत होते ते खरंच होतं, पण ते स्टेजिंगमध्येच बसून होते. डेटा फोल्डर उघडून बघितलं तर त्यात मूळ गेमखेरीज काहीच नव्हतं. गेम एसएसडीवर हलवला, पुन्हा डिप्लॉय केलं, आणि मॉड आले.

व्होर्टेक्समध्ये आणखी एक जागा माणसाला चकवते. मॉड आणि प्लगइन यांचे टॅब वेगळे आहेत. प्लगइन म्हणजे मॉडमधली ईएसपी फाइल, जी गेममध्ये नवीन गोष्टींची भर घालते. मॉड एनेबल असून त्याचं ईएसपी प्लगइन डिसेबल राहू शकतं. मग कपड्यांचे पोत बदललेले दिसतात, पण नवीन पात्र किंवा नवीन घर सापडत नाही. अर्धा मॉड दिसतोय असं वाटलं की आधी प्लगइनचा टॅब उघडा. आणि मॉडच्या यादीत विजेची लाल खूण दिसली तर दोन मॉड एकाच फाइलवर हक्क सांगताहेत आणि कुणाची फाइल वर ठेवायची हे तुम्ही ठरवलेलं नाही. तो निर्णय घेऊन पुन्हा डिप्लॉय केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मॉड ऑर्गनायझर २ ची रीत मुळातच वेगळी. तो डेटा फोल्डरला हातच लावत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो, आणि गेम चालू होताना या सगळ्यांचा मिळून एक भासमान डेटा फोल्डर गेमसमोर उभा केला जातो. डाव्या बाजूला मॉडचा क्रम, उजव्या बाजूला प्लगइनचा. एखाद्या प्लगइनला लागणारं मास्टर, म्हणजे ते ज्यावर अवलंबून आहे ते दुसरं प्लगइन, नसेल, तर उजवीकडे त्याच ओळीवर इशाऱ्याची खूण येते. त्यावर माउस नेला की कोणतं मास्टर हवं त्याचं नाव दिसतं. मेनू येण्याआधीच गेम बंद पडत असेल तर मी पहिल्यांदा हेच बघतो. आणि उजवीकडच्या 'डेटा' टॅबमध्ये गेमला शेवटी कोणती फाइल कोणत्या मॉडमधून मिळणार हे सरळ वाचता येतं. टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्याला याहून काय हवं!

एक बिघाड इथे मला फार वेळा दिसतो. झिपमध्ये फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर असतो, आणि मेश (वस्तूंचे आकार), टेक्स्चर (पोत), ईएसपी त्या आतल्या फोल्डरमध्ये. हाताने टाकलं तर डेटामध्ये एक फोल्डर जास्तीचा बनतो आणि गेम त्याच्याकडे बघतही नाही. मॉड ऑर्गनायझर मात्र इन्स्टॉल करतानाच सांगतो की ही रचना बरोबर दिसत नाही. तेव्हा आतल्या फोल्डरवर राइट क्लिक करून तोच डेटा फोल्डर म्हणून ठरवायचा.

त्याच्याही अटी आहेत. गेम नेहमी मॉड ऑर्गनायझरमधूनच सुरू करायचा. थेट स्टीमवरून सुरू केला तर भासमान फोल्डर उभाच राहत नाही आणि मूळ गेम समोर येतो. मॉड ऑर्गनायझर विंडोजच्या 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये किंवा गेमच्या फोल्डरमध्ये बसवू नका. अँटिव्हायरस कधीकधी त्याची वाट अडवतो, तेव्हा त्याला अपवादाच्या यादीत टाकावं लागतं.

आता असा बिघाड, जिथे दोन्ही मॅनेजर सारखेच हतबल आहेत, आणि माझ्या अनुभवात लोकांचे सगळ्यात जास्त तास यातच जातात. एसकेएसई, म्हणजे स्क्रिप्ट एक्स्टेंडर, हा बऱ्याच मॉडना लागणारा जोड-प्रोग्रॅम. तो गेमच्या एका नेमक्या आवृत्तीसाठीच बनलेला असतो. बरीच वर्षं सगळे १.५.९७ वर होते. ११ नोव्हेंबर २०२१ ला अ‍ॅनिव्हर्सरी एडिशनबरोबर १.६ ची मालिका आली आणि डीएलएल असलेले, म्हणजे एसकेएसईमार्फत स्वतःचा कोड चालवणारे मॉड एका दिवसात बंद पडले. डिसेंबर २०२३ मधल्या अपडेटनंतर पुन्हा तेच. म्हणून गेमच्या एक्सई फाइलची आवृत्ती राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बघा. एसकेएसई त्याच आवृत्तीचा घ्या, असे बरेच मॉड ज्यावर चालतात ती अ‍ॅड्रेस लायब्ररीही त्याच मालिकेची घ्या. गॉग या दुकानातून घेतलेल्या गेमसाठी एसकेएसईची फाइल वेगळी असते. मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा गेम पासवरचा गेम असेल तर एसकेएसई चालतच नाही. मॉडिंग करायचं असेल तर ती प्रत घेऊ नका, नंतर कोणताही मॅनेजर तुम्हाला वाचवू शकणार नाही.

एसकेएसईचा लोडर आणि डीएलएल मात्र दोन्ही मॅनेजरमध्ये मी हातानेच ठेवतो, गेमच्या एक्सईशेजारी. मग गेममध्ये कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'गेटएसकेएसईव्हर्जन' टाइप करायचं. आकडा आला तर लोडर चालतोय. तरीही एखादा मॉड मुका असेल तर डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्सच्या फोल्डरमध्ये एसकेएसईची लॉग फाइल असते. तिथे प्रत्येक डीएलएलपुढे ती लोड झाली की नाकारली गेली ते लिहिलेलं असतं. ही एक फाइल वाचायची सवय लागली की अंदाजाने मॉड काढणं-घालणं थांबतं. आणि स्टीममध्ये गेम 'सुरू करतानाच अपडेट कर' असं ठेवा, नाहीतर रात्री चालणारा सेटअप सकाळी बंद सापडेल.

जुन्या १.५.९७ वर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२३ नंतर बनलेल्या काही प्लगइनचा हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला लिहिलेला आवृत्तीचा आकडा, १.७१ असतो आणि जुना गेम ती नीट लोड करत नाही. त्यासाठी बीईईएस नावाचा छोटा मॉड लागतो. आणि प्लगइनची मर्यादा मूळ गेमच्या फाइली धरून २५४, ईएसएल नावाची हलकी प्लगइन वेगळी ४०९६ पर्यंत. चाळीस मॉडवाल्याने याची काळजी करायची गरज नाही.

मग घ्यायचा कोणता? स्कायरिमबरोबर स्टारड्यू व्हॅली, विचर ३ असे चार गेम खेळत असाल, मॉड पन्नासच्या आत असतील आणि सगळं एकाच एनटीएफएस ड्राइव्हवर असेल, तर व्होर्टेक्स ठेवा. तिथे मॉड ऑर्गनायझरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, त्याचं खरं बळ स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डाच्या गेममध्येच आहे. पण स्कायरिमच मुख्य असेल आणि मॉडची यादी वाढत जाणार असेल, तर पहिल्या दिवसापासून मॉड ऑर्गनायझर. मोठ्या यादीत दोषी मॉड शोधायचा म्हणजे निम्मे बंद करून बघायचं, मग त्यातले निम्मे. मॉड ऑर्गनायझरमध्ये प्रोफाइलची, म्हणजे मॉडची यादी आणि क्रम यांच्या नोंदीची, प्रत काढून हे करता येतं, मूळ क्रम जागेवर राहतो. प्रोफाइल व्होर्टेक्समध्येही आहेत, पण दर अदलाबदलीला डिप्लॉय आलंच.

भाच्याने व्होर्टेक्सच ठेवला होता. जूनच्या तोंडावर एका संध्याकाळी वळीव कोसळला आणि डिप्लॉय अर्ध्यात असताना लाईट गेली. काही फाइली डेटामध्ये, काही नाहीत. पर्ज करून, म्हणजे डेटामधल्या सगळ्या लिंक काढून, परत डिप्लॉय केल्यावर सगळं सुरळीत झालं, नुकसान काही नाही. पण तोपर्यंत त्याचे मॉड एकशे दहा झाले होते. लाईट जाण्याने मॉड ऑर्गनायझरमध्येही इन्स्टॉल होत असलेला एक मॉड अर्धवट राहू शकतो, पण बिघाड त्या एका फोल्डरपुरता राहतो, हे मी त्याला समजावून सांगितलं. पुढच्या रविवारी मिसळ खाऊन आम्ही बसलो आणि दुपारपर्यंत सगळे मॉड मॉड ऑर्गनायझरमध्ये आणले. संध्याकाळी पुन्हा फोन, "मामा, परत एकही मॉड दिसत नाही." मी विचारलं, गेम कुठून चालू केलास? डेस्कटॉपवर स्टीमचा जुना आयकॉन तसाच होता. तो त्याने डिलीट केला आणि त्याच जागी मॉड ऑर्गनायझरमधून बनवलेला शॉर्टकट ठेवला.