सीडी प्लेअरमध्ये ओपीए२१३४ : पैसे वसूल होतात का?

ओपीए२१३४ ही ऑप-अँप, म्हणजे आवाजाचा सिग्नल हाताळणारी छोटी चिप. आउटपुटला ४५५८ ऑप-अँप असलेल्या जुन्या प्लेअरमध्येच ही चिप बसवावी. आधीच ५५३२ असेल तर खर्च करू नका, फरक कानाला लागणं कठीण. ४५५८चा स्ल्यू रेट (आउटपुटचा व्होल्टेज किती वेगाने बदलू शकतो ते) मायक्रोसेकंदाला साधारण १ व्होल्ट, हिचा २०. पण २ व्होल्ट आरएमएस, २० किलोहर्ट्झच्या सिग्नलला जेमतेम ०.३६ लागतो, त्यामुळे ‘पडदा उठला’ वगैरे जाहिरातबाजी सोडून द्या. झांजांची किनार थोडी स्वच्छ होते, एवढंच.

जुन्या चिपचे पाय कटरने कापून एकेक काढा. अख्खी चिप उपसायला गेलात तर बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक उखडलाच म्हणून समजा. जागेवर ८ पायांचा सॉकेट लावा आणि खाच बोर्डवरच्या खुणेशी जुळवा. उलटी बसली तर चिप जळते. पाय ४ आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी जवळ, आखूड पायांनी जोडा. तो टाळला की काही बोर्डांवर चिप ऑसिलेट होते, म्हणजे स्वतःच कंप पावत राहते, आणि कानाला काही कळायच्या आत बोटाला चटका देते.

अँप्लिफायर जोडण्याआधी पाय १ आणि ७ (आउटपुट) वरचा डीसी व्होल्टेज मोजा. जुन्या चिपपेक्षा बराच वेगळा आला तर थांबा.

नकली माल भरपूर आहे. खरी चिप दोन्ही चॅनेल मिळून ८ मिलिअँपच्या आसपास घेते. निम्माच करंट दिसला तर आत बहुधा ४५५८च असते, वर फक्त नवं नाव छापलेलं.