हौशी धनिकाने कुठे बसावं? ट्रायटन मिलियन, वन ड्रॉप आणि डब्ल्यूएसओपीचा ताळेबंद

हाय-रोलर (बड्या रकमेच्या) पोकर स्पर्धांची जाहिरात बाय-इनच्या, म्हणजे प्रवेशासाठी भरायच्या रकमेच्या, आकड्यावर चालते. पण कारखानदार, फंड मॅनेजर किंवा जमीनजुमल्यातून पैसा केलेला हौशी खेळाडू तिथे किती टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बाय-इनमधून किती कापलं जातं, पहिले काही तास समोर कोण बसतं आणि चिप्स संपल्यावर पुन्हा बसू देतात का, हे आधी विचारायचं. या कसोटीवर तीन नावाजलेल्या स्पर्धांचं पाणी वेगवेगळं निघतं.

सगळ्यात विचारपूर्वक आखलेली ट्रायटन मिलियन, ऑगस्ट २०१९, लंडन. बाय-इन १०,५०,००० पौंड. त्यातले ५०,००० धर्मादाय कामाला, म्हणजे कपात ४.८ टक्क्यांच्या आत. रीएन्ट्री, म्हणजे चिप्स संपल्यावर पुन्हा बाय-इन भरून बसणं, नाही. २७ हौशींना निमंत्रण होतं आणि प्रत्येकाने आपल्या पसंतीचा एक पाहुणा आणायचा होता. पाहुणे म्हणजे बहुतेक जगातले नामांकित व्यावसायिक. असे ५४ जण झाले. सुरुवातीच्या लेव्हल्सना (टप्प्यांना) हौशी एका बाजूच्या टेबलांवर आणि पाहुणे दुसऱ्या बाजूला. मग सगळे एकत्र.

या विभागणीची किंमत टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. डाव खोल असतो, म्हणजे बिग ब्लाइंडच्या (पत्ते बघायच्या आधी भरायची सक्तीची रक्कम) शंभर-दोनशे पट चिप्स समोर असतात, तेव्हा हौशी माणूस सर्वात महाग चुका करतो. टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वात मोठ्या पानाशी जुळलेली जोडी) हातात असली की तो टर्न आणि रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या-पाचव्या पानावर, मोठे कॉल करत, समोरच्याने लावलेली रक्कम भरत सुटतो. त्या वेळात समोर त्याच्यासारखेच असतील तर चुका एकमेकांत फिटतात आणि तिकडे व्यावसायिक एकमेकांचे लचके तोडत असतात. टेबलं एकत्र होईपर्यंत ब्लाइंड वाढलेले असतात, निर्णय सोपे झालेले असतात आणि कौशल्यातली दरी थोडी बुजलेली असते.

निमंत्रणाची अट मात्र दुधारी आहे. हौशी माणूस ओळखीतला, कॅश गेममधला व्यावसायिक आणतो आणि आपल्याच हाताने मैदानात एक वाघ सोडतो. शिवाय अशा पाहुण्याच्या बाय-इनमध्ये कोणाकोणाची भागीदारी आहे हे बाहेरून दिसत नाही. तुम्ही स्वतः त्याचा हिस्सा घेणार असाल तर आयोजकांना आधी लेखी कळवा. पुढे दोघं एकाच टेबलावर आलात आणि एकाने चांगला हात फोल्ड केला (टाकून दिला), तर शंकेला जागा नको.

बक्षिसांची उतरंड ५४ पैकी ११ जणांना होती. पहिलं १ कोटी ९० लाख पौंड, दुसरं १ कोटी १६ लाख ७० हजार, तिसरं ७२ लाख आणि दहावं-अकरावं ११ लाख. बाराव्याला शून्य. अकराव्याच्या पदरात बाय-इन वजा जाता ५० हजार पडतात. हौशीला या बबलची, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर बाद होण्याची, पर्वा नसेल तर ते त्याचं बलस्थान आहे, कारण ऑल-इनला (सगळ्या चिप्स लावण्याला) तो सहज कॉल करेल अशी धास्ती असलेल्या खेळाडूवर कोणी फुकाचा दबाव टाकत नाही. बिल पर्किन्स हा फंड मॅनेजर सहावा आला आणि २२ लाख पौंड घेऊन गेला.

शेवटच्या दोघांतला सौदा, म्हणजे डाव संपायच्या आधीच बक्षिसं आपसात वाटून घेणं, तर प्रत्येक हौशीने कागदावर मांडून बघावा. एरन झँग विजेता ठरला, पण त्याला मिळाले १,३७,७९,४९१ पौंड आणि हरलेल्या ब्रिन केनीला १,६८,९०,५०९. यात गडबड काही नाही. दोघांना दुसरं बक्षीस नक्की होतं. ते बाजूला ठेवलं की वाटायला उरतात ७३ लाख ३० हजार. सौदा झाला तेव्हा केनीसमोर चिप्सचा ढीग कितीतरी मोठा होता, म्हणून त्यातले सुमारे ७१ टक्के त्याच्याकडे गेले. नंतर डाव झाला तो करंडकासाठी. दोघंच उरल्यावर सौदा मांडताना हेच गणित करा: दुसरं बक्षीस दोघांना, उरलेलं चिप्सच्या प्रमाणात. यापेक्षा कमी कोणी देऊ करत असेल तर सही करू नका.

सर्क द्यू सोले या सर्कस कंपनीचा संस्थापक गी लालिबर्ते याच्या पुढाकाराने २०१२ मध्ये लास वेगासला झालेली बिग वन फॉर वन ड्रॉप याहून उदार आणि म्हणून महाग. दहा लाख डॉलरमधले १,११,१११ पाण्याच्या प्रकल्पांना, म्हणजे पत्ते वाटायच्या आधीच ११ टक्के आहेर. ४८ जणांत फक्त नऊ बक्षिसं, त्यातलं ४३ टक्के एकट्या विजेत्या अँटोनियो एस्फांडियारीला: १,८३,४६,६७३ डॉलर. फंड मॅनेजर डेव्हिड आइनहॉर्न तिसरा आला आणि ४३,५२,००० डॉलरचं बक्षीस त्याने दान केलं. देणगीच द्यायची असेल तर ही स्पर्धा उत्तम, पण पोकर म्हणून उतरंड फार तीव्र. २०१६ मध्ये याच घराण्याने माँटे कार्लोत दहा लाख युरोची स्पर्धा व्यावसायिकांना दार बंद करून भरवली. एल्टन त्सांग जिंकला, १,११,११,१११ युरो. हौशीच्या बाजूने बघता हा सर्वात न्याय्य प्रकार. पण २०१८ ला वेगासमध्ये पुन्हा सगळ्यांना प्रवेश होता. २७ जण बसले आणि जस्टिन बोनोमो जिंकला.

डब्ल्यूएसओपीची (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर) अडीच लाख डॉलरची स्पर्धा फीच्या बाबतीत सर्वात स्वस्त: २०२४ ला ७५ एंट्री, बक्षिसांचा निधी १,८६,७५,००० डॉलर, म्हणजे एंट्रीमागे कपात १,००० डॉलर, अर्धा टक्काही नाही. ती भारताच्या संतोष सुवर्णाने जिंकली, ५४,१५,१५२ डॉलर. पण इथे ना विभागणी, ना निमंत्रण. पहिल्या हातापासून समोर व्यावसायिक. शिवाय रीएन्ट्री असते आणि तापलेल्या डोक्याने भरलेला दुसरा बाय-इन हा हौशीचा सर्वात ठरलेला तोटा. किती वेळा बसणार हे घरीच ठरवून जा.

टेबलावरची यंत्रणाही समजून घ्या. बिग ब्लाइंड अँटीमध्ये एक जण सगळ्यांची अँटी (ब्लाइंडवरची सक्तीची वर्गणी) भरतो, त्यामुळे एका फेरीला स्मॉल ब्लाइंडचे अर्धे, बिग ब्लाइंडचा एक आणि अँटीचा एक असे अडीच ब्लाइंड जातात. २५ ब्लाइंड घेऊन ‘चांगल्या हाताची’ वाट बघत चार फेऱ्या बसलात की १५ उरतात. १५ च्या खाली कुठल्या जागेवरून कोणत्या हातांनी ऑल-इन जायचं याचे तक्ते तयार मिळतात. ते पाठ करणं हा हौशीसाठी सर्वात स्वस्त अभ्यास. ट्रायटनमध्ये निर्णयाला ३० सेकंद, वर जादा वेळ मागायची मोजकी टाइम-बँक कार्डं. ती फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडायच्या आधी, उधळू नका.

ट्रायटनच्या शॉर्ट डेक स्पर्धाही हौशींना सोयीच्या वाटतात. कॅटमधून दुर्री ते पंजी काढतात, उरतात ३६ पानं. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) फुल हाउसला (तीन सारखी पानं आणि एक जोडी) मारतो. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट (त्याच किमतीचं तिसरं पान) लागण्याची शक्यता ११.८ वरून १७.१ टक्क्यांवर जाते आणि दोन्ही टोकं उघडी असलेला सीक्वेन्स फ्लॉपनंतर पूर्ण होण्याची ३१.५ वरून ४५.६ वर. हातांच्या जिंकण्याच्या शक्यता जवळजवळ येतात, पैसे जास्त लावले जातात. मात्र नेहमीच्या ५२ पानांच्या होल्डेमचे आडाखे इथे घेऊन आलात तर जोडी धरून बसाल आणि सीक्वेन्सला पैसे द्याल.

आणखी एक खाचखळगा: प्रक्षेपणाच्या टेबलावर पानं कॅमेऱ्याला दिसतात आणि थोड्या उशिराने सगळ्या जगाला. तुम्ही झोपलेले असताना तुमचे ब्लफ कोणीतरी लिहून घेत असतो. दुसऱ्या दिवशी खेळण्यात थोडा बदल करूनच बसा.

मुंबई-पुण्याच्या माणसाने सरावासाठी गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांवर जावं, कारण ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैशांचा ऑनलाइन पोकर भारतात बंद आहे. खरी अडचण बँकेत येते. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, त्यातही पैसे कशासाठी हे सांगावं लागतं आणि लॉटरी, स्वीपस्टेकसाठी पाठवायला बंदी आहे. पोकरचा बाय-इन त्यात कसा धरला जाईल हे सीएकडून लेखी घ्या. दहा लाख डॉलर-पौंडांचं टेबल म्हणूनच परदेशात कमावणाऱ्यांसाठी. करात लंडन सरस: तिथे जिंकलेल्या पैशांवर कर नाही. वेगासला भारतीयाच्या बक्षिसातून ३० टक्के जागेवरच कापतात. इकडे भारतातही अशा उत्पन्नावर ३० टक्के आणि वर सेस-सरचार्ज. अमेरिकेत कापलेल्याचं श्रेय मिळतं, पण हरलेल्या बाय-इनची वजावट मिळत नाही. म्हणजे वर्षात चार स्पर्धा खेळून एकात बक्षीस लागलं, तरी बाकी तिन्हींचे बाय-इन करापुढे मोजले जात नाहीत.