वाळ्याचा मिस्ट, चार स्पिरिटं आणि एक कडू घावणा: आठ महिन्यांचा अनुभव

मार्चपासून घरी वाळ्याचा बॉडी मिस्ट, म्हणजे अंगावर फवारायचं सुगंधी पाणी, करतेय. वाळा, मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल), खोबरेल आमच्या वेंगुर्ल्यात सहज मिळतं. घोडं अडलं ते त्यात कुठलं अल्कोहोल घालायचं यापाशी.

पहिलं आणलं मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट. अंगाला दवाखान्याचा वास, वाळा कुठच्या कुठे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट पुसतात तेच. हात पुसायला ठीक, पण वास इतका उग्र की मिस्टमध्ये नकोच. मे महिन्यात दारं पॉलिश करायला आलेल्या काकांकडचं स्वस्त स्पिरिट बघून माझी नजर फिरली होती. त्यांनीच हटकलं, "वयनी, ह्यां दाराक लावतत, आंगाक नाय!" बरोबर बोलले. त्यात मिथेनॉल असू शकतं. ते कातडीतून, श्वासातूनही आत जातं आणि डोळे कायमचे घालवू शकतं. वाटेल ते करा, हे नको.

जूनमध्ये दिरांना वोडका आणायला पाठवलं (सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता). 42.8 टक्के अल्कोहोलची, साधी, बिनवासाची. त्यात वाळ्याच्या मुळ्या दोन आठवडे भिजवल्या आणि काय सुरेख अर्क उतरला! वाळ्याचं तेल टाकलं मात्र, सगळं नारळाच्या दुसऱ्या रसासारखं पांढरं झालं. तेल विरघळायला 42 टक्के पुरत नाहीत.

खरी चूक पुढे केली. काटकसर म्हणून 100 मिलीत 25 मिलीच वोडका घातली, बाकी गुलाबपाणी. म्हणजे अल्कोहोल जेमतेम 11 टक्के. आषाढात मिस्ट नासला, बाटलीत तंतू तरंगायला लागले, सगळी मोरीत ओतली. आता 20 टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणजे 100 मिलीला किमान 47 मिली वोडका. तरीही थोडंच करते, फ्रिजमध्ये ठेवते.

गणपतीच्या सुमारास मुंबईहून परफ्यूमसाठीचं डिनेचर्ड (पिता येऊ नये असं केलेलं) इथेनॉल अल्कोहोल मागवलं. तेल झटकन विरघळतं, अल्कोहोलचा वासही लगेच उडतो. पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मनगटावर फवारून घावणे खायला बसले आणि पहिलाच घास कडूजहर! कुणी पिऊ नये म्हणून त्यात डिनॅटोनियम नावाचं अतिशय कडू रसायन घालतात, ते बोटांना लागलं होतं. विकणाऱ्याला विचारायला हवं होतं की डिनेचर कशाने केलंय. कागद दाखवत नसेल तर मी तरी घेणार नाही.

नणंद माझ्या मुठेलाच्या क्रीममधल्या सिटाइल अल्कोहोललाही बिचकली. ते नुसतं नावाचं अल्कोहोल. मेणासारखे पांढरे तुकडे, कातडी सुकवत नाहीत.

आता कपड्यांना आणि मानेला परफ्यूमच्या इथेनॉलचा मिस्ट, चेहऱ्याला वोडकाचा. घामोळ्यांवर दोन्ही नको, जाम झोंबतं. पोरांना तर नकोच. बाटल्या गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासूनही लांब. लेबलं तेवढी टिकत नाहीत, एक थेंब ओघळला की पेनाची शाई गेलीच. म्हणून पेन्सिलीने चिठ्ठी लिहून दोऱ्याने बाटलीच्या गळ्यात बांधते.