गिगाबिटचे पैसे घेतले, आतल्या चार तारा कापल्या

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी घरातच लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम चालतं. शूटिंगच्या फाइली वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आणि एडिटिंग खाली. वायफाय पुरेना, म्हणून तालुक्याच्या एका दुकानदाराकडून दोन्ही कॉम्प्युटर जोडणारं नेटवर्कचं वायरिंग करून घेतलं. बिलावर त्यानं लिहिलं : कॅट सिक्स (नेटवर्क वायरचा एक प्रकार), शुद्ध तांबं, गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेग). 'स्पीड ट्युनिंग'चे पैसे वेगळे.

तरी कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. फोन केला तर म्हणतो, "भाऊ, तुमचा नेटचा प्लॅनच लहान हाये, मोठा घ्या." हे धादांत खोटं. घरातल्या घरात फाइल जाते तेव्हा इंटरनेटचा काडीचाही संबंध नसतो. नेट बंद असलं तरी ती जाते. उलट ११ या आकड्यातच सगळं आलं. वायर गिगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटवर चालत होती. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला आठनं भागा, साडेबारा एमबी येतात. थोडी घट धरली की ११. खरं गिगाबिट असतं आणि हार्डडिस्क साथ देत असती, तर ११० च्या आसपास मिळालं असतं.

विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे वायरवरच्या जोडणीचा वेग, १००/१०० दिसला. मग वायरच्या टोकाचा पारदर्शक जॅक उजेडात धरला. आठपैकी चारच तारा पिनांपर्यंत गेलेल्या, बाकीच्या चार आतल्या आत कापलेल्या. गिगाबिटला आठही लागतात. एक तार ब्लेडनं खरवडली, तर वर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम.

खरा संताप त्या ट्युनिंगचा आहे. बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल बंद, फोल्डर बिनपासवर्ड सगळ्यांना खुलं, आणि एसएमबीची (विंडोजची नेटवर्कवर फाइली शेअर करायची पद्धत) जुनी पहिली आवृत्ती चालू केलेली. मे २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस याच आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर पसरला होता. मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती बंदच ठेवायला सुरुवात केली. यानं वेग तर वाढत नाहीच, वर लोकांच्या लेकीबाळींच्या लग्नाचे फोटो उघड्यावर पडतात. पैशाचं नुकसान सोसता येतं हो, पण गावात त्या घरांना तोंड कसं दाखवायचं?

लग्नसराईच्या तोंडावर अनेक स्टुडिओवाले असंच काम काढतील. वायर भिंतीत जाण्याआधी तुकडा खरवडून बघा. पैसे देण्याआधी लिंक स्पीड १०००/१००० दाखवायला लावा, मोठी फाइल समोर कॉपी करून घ्या. बिल मात्र पक्कंच मागा; त्याच बिलाच्या जोरावर मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.