सुकामेव्याच्या कप्प्यासाठी महागडा ब्रेड मेकर घ्यावा का?

घरगुती ब्रेड मेकरच्या वरच्या श्रेणीतील मॉडेलमध्ये झाकणाला एक छोटा कप्पा असतो. त्यात अक्रोड, बदाम, मनुका भरून ठेवायच्या आणि पीठ मळून होत आले की कप्प्याचे दार आपोआप उघडून सगळा ऐवज पिठात पडायचा, अशी ही सोय आहे. साध्या मॉडेलमध्ये त्याच वेळी यंत्र नुसते बीप करते आणि सुकामेवा आपल्या हातांनी टाकावा लागतो. बाकी दोन्हींत फारसा फरक नसल्यामुळे जास्तीचे पैसे मोजायचे ते या कप्प्यासाठीच, आणि म्हणून हा अभिप्रायही मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

सुकामेवा उशिरा टाकण्याला सबळ कारण आहे. मनुका सुरुवातीपासून पिठात असतील तर पात्याखाली त्या फाटतात, त्यांच्यातली साखर पिठात उतरून ते चिकट होते आणि साखरेचे प्रमाण वाढले की यीस्टही मंदावते. अक्रोडाच्या तुकड्यांच्या कडा ग्लूटेनचे, म्हणजे पिठाला लवचिकपणा देणाऱ्या प्रथिनाचे, जाळे नीट तयार होऊ देत नाहीत, शिवाय त्यांच्या सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ब्रेडला जांभळट झाक येते. कोरड्या जिनसांच्या बाबतीत कप्पा आपले काम चोख बजावतो: 400 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅमच्या आसपास अक्रोड आणि बदामाचे जाडसर तुकडे घातले, तर खट् असा आवाज होऊन दार उघडते, पाते थोडा वेळ आणखी फिरते आणि तयार ब्रेड कापल्यावर तुकडे तळापासून माथ्यापर्यंत सारखे पसरलेले, बहुतेक अख्खे दिसतात. बदाम आणि अक्रोड आधी मंद आचेवर भाजून पूर्ण गार करून घालावेत. कच्च्या अक्रोडाचा किंचित तुरटपणा त्यामुळे कमी होतो.

खरी अडचण भिजवलेल्या फळांची आहे. कोरड्या मनुका आजूबाजूच्या पिठातले पाणी शोषून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ब्रेड कोरडा लागतो, म्हणून त्या अर्धा तास कोमट पाण्यात ठेवून, निथळून वापरणे उत्तम. पण अशा ओलसर मनुका कप्प्याच्या तळाला चिकटून बसतात. दार उघडते, काही खाली पडतात आणि उरलेल्या भट्टीच्या उष्णतेत वरच्या वर वाळून चामट होतात. चिरलेले अंजीर आणि जर्दाळू तर याहून हट्टी. माहितीपुस्तिकेत कप्प्यात फक्त कोरडेच जिन्नस घालावेत असे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. तरीही फळांचा ब्रेड करण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राला भिजवलेले फळ चालू नये, ही उणीव लहान नव्हे. मनुका फडक्याने टिपून चमचाभर मैद्यात घोळवल्या तर बऱ्याचशा सुटून पडतात. अंजिराला हा उपायही पुरत नाही. शिवाय कप्पा लहान असल्याने फळांनी गच्च भरलेला ब्रेड हवा असेल तर निम्मा सुकामेवा हातानेच टाकावा लागतो, आणि मग कप्पा असून नसल्यासारखाच.

मळण्याच्या बाबतीत मात्र यंत्राला नाव ठेवायला जागा नाही. फळांच्या ब्रेडचे पीठ सैल असते, हाताला चिकटते, आणि ते तसेच सैल ठेवण्याचा धीर हाताने मळणाऱ्याला सहसा होत नाही. तो वरून मैदा भुरभुरत राहतो आणि ब्रेड घट्ट होतो. यंत्राला हा मोह नाही. त्यामुळे माझ्या मते त्याचा सर्वात चांगला उपयोग केवळ पीठ मळण्याच्या आणि फुगवण्याच्या प्रोग्रॅमसाठी आहे. फुगलेले पीठ ओट्यावर चौकोनी पसरावे, त्यावर भिजवलेली फळे घालून घट्ट गुंडाळी करावी, पृष्ठभागावर डोकावणारे मनुके आत ढकलावेत, कारण बाहेर राहिलेले हमखास करपून कडू होतात, आणि दुसऱ्यांदा फुगल्यावर ओव्हनमध्ये 180 अंश सेल्सिअसला भाजावे. मध्यभागाचे तापमान 90 अंशांच्या वर गेले की ब्रेड झाला. यंत्रातच भाजल्यास तळाशी पात्याचे भोक राहते आणि गोड पिठाच्या बाजू लवकर काळवंडतात, म्हणून कडेचा रंग फिकट ठेवण्याचा पर्याय निवडावा.

रात्री सगळे भरून सकाळी तयार ब्रेड काढायचा असेल आणि घरात मुख्यतः अक्रोड-बदामच खाल्ले जात असतील, तर कप्प्याचे मॉडेल जरूर घ्यावे. फळेच आवडत असतील तर बीप करणारे साधे मॉडेल पुरते.

घेण्यापूर्वी कप्पा झाकणापासून सुटा होतो का, हे अवश्य पाहावे. तो सुटा होत नसेल तर कोपऱ्यांत साठलेला मनुकांचा चिकट थर ओल्या फडक्याने निघता निघत नाही.