मुलांच्या ब्लड कॅन्सर वॉर्डचा रिव्ह्यू: डॉक्टर पाच स्टार, रात्रीची इमर्जन्सी एक

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तक्रारपण करायचीय आणि उगाच वाद नकोत. माझ्या भाचीला एएमएल निघाला, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, आणि ताई-दाजींसोबत आळीपाळीने मीपण वॉर्डात राहिले.

आधी डॉक्टरीणबाईंबद्दल. आम्ही नेटवर वाचून गेलो होतो ते सगळं एएलएलचं, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या दुसऱ्या प्रकारच्या ब्लड कॅन्सरचं, कारण मुलांमध्ये तोच जास्त दिसतो, आणि त्यात चांगल्या सेंटरमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास मुलं वाचतात हे वाचून ताईने तोच आकडा धरून ठेवलेला. बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की तो आकडा इथे लावू नका, एएमएलमध्ये चांगल्या ठिकाणीसुद्धा साधारण ६५ ते ७० टक्के, आणि तुमच्या मुलीचं म्हणाल तर जनुकांचे रिपोर्ट आणि पहिल्या केमोनंतरची एमआरडी (उरलेल्या कॅन्सर पेशींची तपासणी) हातात आल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. ताई चिडली, मला मात्र पटलं. खोटा धीर देणारे खूप भेटतात हो.

रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने दोन रकाने पाडले. एकीकडे ८ आणि २१ क्रोमोसोमची अदलाबदल, इन्व्हर्जन १६, हे चांगले. दुसरीकडे मोनोसोमी ७, हा वाईट, यात पहिल्या रेमिशनमध्येच, म्हणजे कॅन्सर पहिल्यांदा आटोक्यात आला की लगेच, बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करतात. एमआरडी म्हणजे मायक्रोस्कोपला न दिसणाऱ्या उरलेल्या कॅन्सर पेशी, ती ०.१ टक्क्याच्या खाली आली तर बरं. दाजींनी आर्सेनिकने बरं होतं असं कुठेतरी वाचलेलं ते विचारलं, तर न हसता सांगितलं की ते खरंय पण एपीएल नावाच्या वेगळ्या प्रकारात, त्यात निकालही खूप चांगले येतात, हिचा तो प्रकार नाही. घाई म्हणून नाही कुठेच.

ट्रीटमेंट एएलएलसारखी दोन-अडीच वर्षं चालत नाही, केमोच्या चार-पाच सायकल, साधारण सहा महिने, पण जबरदस्त. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही केमोची औषधं सुरू झाली की रक्तपेशींचे काउंट पार खाली जातात आणि आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत, त्यामुळे कॅन्सरइतकीच भीती इन्फेक्शनची. इथे नर्सेसना खरंच मानलं. लाइनला, म्हणजे औषध द्यायच्या नळीला, हात लावायच्या आधी त्या नळीचं तोंड स्पिरिटने घासताना भाचीकडून मोठ्याने आकडे मोजून घ्यायच्या, तिचा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून, आणि ती मुद्दाम चुकायची. लघवी लाल होईल हे आधीच सांगून ठेवलेलं म्हणून घाबरलो नाही, हाय डोस सायटाराबिनच्या वेळी डोळ्यांचे स्टिरॉइडचे थेंब रात्री झोपेतून उठवूनसुद्धा वेळेवर.

आता तक्रार. डिस्चार्जच्या वेळी कार्ड देतात, त्यावर ठळक लिहिलेलं, ३८ डिग्रीच्या वर ताप म्हणजे लगेच या. दोन सायकलच्या मध्ये रात्री ताप आला, आम्ही धावत गेलो, तर काउंटरवरचा माणूस म्हणतो आधी रजिस्ट्रेशन, फाइल नंबर सांगा, बसा. अहो काउंट नसलेल्या पोराला तासाभरात अँटिबायोटिक जायला पाहिजे हे तुमच्याच कार्डावर छापलंय ना! शेवटी ताईने वॉर्डच्या सिस्टरांना फोन लावला, त्या स्वतः खाली आल्या तेव्हा हललं सगळं. वॉर्ड एवढा चांगला आणि खाली हे, कसं काय?

भाचीची केमो झालीय, एमआरडी निगेटिव्ह आहे, पण रिलॅप्सचा, म्हणजे कॅन्सर परत येण्याचा, धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असतो म्हणून फॉलोअप इथेच, हॉस्पिटल बदलणार नाही. डॉनोरुबिसिनमुळे हार्टवर परिणाम होऊ शकतो, तर पुढेही टुडी एको करत राहायचंय, त्याच्या तारखा त्यांनी स्वतःहून लिहून दिल्या.

कोणी जाणार असाल तर वॉर्डचा डायरेक्ट नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि ट्रान्सप्लांट युनिट यांच्याकडे नाहीये, हाय रिस्क निघालं तर दुसरीकडे पाठवतात, तेव्हा कुठे पाठवणार आणि तिकडे वेटिंग किती हेपण तेव्हाच विचारा, ते आपणहून सांगत नाहीत.